लॉजाचे दार आणि देवळाचे दार

'लॉज' हा शब्द कानी पडला की आजच्या मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बसस्थानकासमोरची, रात्रीपुरती खोली देणारी इमारत उभी राहते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईकरास मात्र या शब्दाने निराळेच घर आठवले असते. ठरलेल्या संध्याकाळी काळा पोशाख चढवून, हाती लहानशी पेटी घेऊन साहेबलोक त्या घरात शिरत. दाराशी पहारा बसे. आत काय चालते ते बाहेरच्यास कळत नसे आणि आत गेलेला माणूस बाहेर येऊन काही सांगत नसे. लोकांनी त्या घराला 'जादूघर' म्हटले, आणि फारसी जाणणाऱ्यांनी 'फरामोशखाना', म्हणजे विसरण्याचे घर, असे नाव दिले. फ्रीमेसन मंडळींचे हे लॉज.

अशाच एका लॉजाचा वर्धापनदिन दरवर्षी १५ डिसेंबरला येतो. मुंबईचे 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज १८४३ साली त्या दिवशी स्थापन झाले, आणि २०१८ साली त्या घटनेस १७५ वर्षे पूर्ण झाली. वर्धापनदिन म्हटला की सेवाकार्याचा अहवाल आलाच: शिष्यवृत्त्या किती दिल्या, रुग्णालयास काय दिले, कोणत्या विधवेच्या संसारास हातभार लावला. असे अहवाल आमच्या देवस्थानांच्या आणि ज्ञातिमंडळांच्या उत्सवांतही वाचले जातात, व ते वाचले जावेत हे योग्यच आहे. परंतु आम्हांस या लॉजाच्या इतिहासात दानाच्या आकड्यांहून महत्त्वाचे असे काही दिसते. ते लॉज निघाले ते एका बंद दारामुळे. त्या दाराची कथा देवळाशी नाते सांगणाऱ्या वाचकांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे, आणि का ते पुढे ओघाने येईलच.

प्रथम मूळ पाहू. युरोपात मोठमोठी मंदिरे बांधणारे पाथरवट कामाच्या जागी झोपडी उभारीत, तेथे हत्यारे ठेवीत, विसावा घेत व धंद्यातली गुपिते शिष्यांस शिकवीत. त्या झोपडीचे नाव लॉज. पुढे पाथरवटांचा धंदा मागे पडला, पण त्यांची ओळंबा, गुण्या, कंपास ही हत्यारे सदाचरणाची प्रतीके म्हणून राहिली, आणि ज्यांनी जन्मात छिन्नी हाती धरली नव्हती असे सरदार, वकील, वैद्य त्या मंडळात येऊ लागले. २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉजांनी एकत्र येऊन आपले श्रेष्ठ मंडळ, म्हणजे ग्रँड लॉज, स्थापिले. १७२३ साली त्यांची घटना छापली गेली. तिच्या पहिल्याच कलमात असे तत्त्व आहे की, ज्या धर्माविषयी सर्व माणसांचे एकमत होते तेवढाच सभासदाने पाळावा, म्हणजे सज्जन व सत्यनिष्ठ असावे. बाकीची मते ज्याची त्याजपाशी. शतकभर धर्मयुद्धांनी पोळलेल्या इंग्लंडात हे लिहिले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची किंमत कळते.

कंपनीच्या गलबतांबरोबर हे मंडळ हिंदुस्थानात आले. कलकत्त्यास १७३० साली, मद्रासेस १७५२ साली व मुंबईस १७५८ साली लॉजे निघाली. तत्त्व असे की सर्व माणसे भाऊ; व्यवहार असा की हे भाऊ बहुतेक सर्व गोरे. अर्काटच्या नवाबाचे पुत्र उमदत-उल-उमरा यांस १७७५-७६ च्या सुमारास त्रिचनापल्लीस दीक्षा मिळाली, पण ती राजपुत्राची गोष्ट होती. सामान्य हिंदी गृहस्थाने दार ठोठावले तेव्हा काय झाले?

तो गृहस्थ मुंबईचा पारशी होता. माणेकजी कर्सेटजी हे त्यांचे नाव. जन्म १८०८ चा. पुढे ते मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात न्यायाधीश झाले, आणि १८६३ साली मुलींना इंग्रजी शिक्षण देणारी अलेक्झांड्रा शाळा काढणारे तेच. मुंबईच्या 'पर्सिव्हरन्स' लॉजात त्यांनी प्रवेश मागितला, तो मिळाला नाही. लॉजात नवा सभासद घ्यावयाचा तर गुप्त मतदान होते. प्रत्येकजण पेटीत पांढरी वा काळी गोटी टाकतो, आणि मोजक्या काळ्या गोट्या निघाल्या की उमेदवार नाकारला जातो. कारण कोणी सांगत नाही व कोणी विचारतही नाही. माणेकजी विलायतेस गेले, आणि अखेर फ्रान्समध्ये, पॅरिसच्या एका लॉजात, त्यांना दीक्षा मिळाली. ते रीतसर मेसन होऊन परतले, तरीही मुंबईचे दार उघडले नाही.

येथे डॉ. जेम्स बर्न्स यांचा प्रवेश होतो. हे कंपनीच्या नोकरीतील वैद्य. काही वर्षे ते कच्छमध्ये भूज येथे होते, आणि सिंधच्या दरबारास दिलेल्या भेटीचा त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध आहे. काबूलमध्ये १८४१ साली मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स यांचे हे बंधू. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजाने १८३६ साली त्यांस पश्चिम हिंदुस्थानचे प्रांतिक प्रमुख नेमले होते. ज्या माणसाचा सख्खा भाऊ दोनच वर्षांपूर्वी परमुलखात गर्दीच्या हातून मारला गेला, त्याने हिंदी लोकांस भाऊ म्हणण्यासाठी आपले वजन खर्च करावे, ही गोष्ट आम्हांस थोर वाटते. बर्न्स यांनी जुन्या लॉजाशी वाद घालीत न बसता, हिंदी सभासदांस प्रवेश असलेले नवे लॉज काढण्यास परवानगी दिली. तेच 'रायझिंग स्टार', म्हणजे उगवता तारा.

त्याच १८४३ सालची दुसरी एक घटना यापुढे ठेवून पाहावी. ३ जानेवारी रोजी मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाची कोनशिला मेसन मंडळींच्या विधींसह बसविण्यात आली. जमशेटजींचे औदार्य, मुंबईच्या गोरगरीब रोग्यांची सोय, आणि कोनशिलेपाशी ओळंबा व गुण्या घेऊन उभे असलेले बंधुत्वाचे उपासक! सोहळा देखणा झाला असेल. पण वर्षाच्या आरंभी ज्या शहरात एका पारशाच्या देणगीवर असा विधी झाला, त्याच शहरात दुसऱ्या पारशास लॉजाच्या आत बसावयास जागा नव्हती. ती मिळण्यास डिसेंबर उजाडावा लागला. दान स्वीकारणारे हात आणि काळी गोटी टाकणारे हात एकाच मंडळीचे असू शकतात, ही गोष्ट कोणत्याही सेवाभावी संस्थेने विसरू नये.

तथापि उगवत्या ताऱ्याचा प्रकाश सर्वांवर सारखा पडला असे नाही. पहिले सभासद मुख्यत्वे पारशी व मुसलमान होते. हिंदूंविषयीचा प्रश्न अधिक बिकट मानला जाई. मेसन होण्यास एका परमेश्वरावर विश्वास हवा. मग तेहतीस कोटी देव मानणारा हिंदू या अटीत कसा बसतो? शिवाय शपथ धर्मग्रंथावर घ्यावयाची. हिंदूचा एकच असा ग्रंथ कोणता? आणि जो दुसऱ्या जातीच्या माणसाबरोबर पंक्तीस बसत नाही, तो भाऊ कसा होणार? आक्षेप असे तीन होते.

या वादाचा निर्णय कलकत्त्यास झाला. प्रसन्नकुमार दत्त या बंगाली गृहस्थांनी १८६३ साली अर्ज केला. बंगालच्या प्रांतिक मंडळाचा असा नियम होता की, प्रांतिक प्रमुखाच्या परवानगीवाचून कोणाही आशियावासीयाचे नाव सुचवू नये. परवानगी मिळेना. दत्त निराळे लॉज काढावयास गेले नाहीत. त्यांनी मंडळाची मूळ घटनाच मंडळापुढे धरली. प्रकरण लंडनपर्यंत गेले, आणि नऊ वर्षांनी, २२ ऑगस्ट १८७२ रोजी, 'अँकर अँड होप' लॉजात दत्तांना दीक्षा मिळाली.

वकिलीचा धंदा करणाऱ्या आम्हांस दत्तांची वाट विशेष भावते. मूळ घटना 'सज्जन व सत्यनिष्ठ' एवढीच अट घालते. तिच्या खालचा पोटनियम 'आशियावासी नको' म्हणतो. पोटनियम घटनेहून मोठा होऊ शकत नाही, हा कायद्याचा पहिला धडा आहे. आणि तिन्ही आक्षेपांची उत्तरे आमच्या घरातच होती. सत् एकच, जाणते त्यास अनेक नावांनी हाक मारतात, हे वेदांपासूनचे सूत्र ज्यास ठाऊक आहे त्याला पहिल्या आक्षेपाचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. शपथेविषयी तर कंपनी सरकारने १८४० सालीच पाचवा कायदा करून हिंदूंची गंगाजलावरची व मुसलमानांची कुराणावरची शपथ न्यायालयांतून काढून टाकली होती आणि तिच्या जागी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा आणली होती. न्यायासनासमोर ज्याची प्रतिज्ञा चालते त्याची लॉजात का चालू नये? तिसरा आक्षेप, पंक्तिभेदाचा, तेवढा खरा होता. त्याचे उत्तर आमच्याकडे तेव्हा नव्हते, आणि त्याचा विचार आम्ही पुढे करणार आहोत.

दार एकदा उघडल्यावर कोण कोण आत गेले पाहा. त्याच 'अँकर अँड होप' लॉजात १९ फेब्रुवारी १८८४ रोजी नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण दाखल झाला. जग त्यास स्वामी विवेकानंद म्हणून ओळखते. दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता, मोतीलाल नेहरू ही मेसनांचीच नावे. मुंबईत जन्मलेला इंग्रज लेखक किपलिंग १८८६ साली लाहोरच्या लॉजात गेला. आपल्या लॉजात हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू सर्व होते हे त्याने उतारवयापर्यंत अभिमानाने सांगितले. साम्राज्याचा एवढा कैवारी असलेल्या माणसाच्या लेखणीतून बंधुत्वाचा असा उमाळा यावा, हा त्या खोलीचा गुण म्हणावा लागेल. अध्यक्षाची निवड कशी करावी, ठराव कसा मांडावा, विरोधकाचे बोलणे कसे ऐकून घ्यावे, जमाखर्च कसा तपासावा, या गोष्टींचा सराव आमच्या अनेक पुढाऱ्यांस अशा मंडळांतून झाला, असे मानण्यास जागा आहे.

पण उजेडाबरोबर सावली सांगणे हे इतिहास लिहिणाराचे कर्तव्य आहे. हे बंधुत्व बहुधा इंग्रजी जाणणाऱ्या व वर्गणी परवडणाऱ्या माणसांचे राहिले. मुंबईत पुढे मुसलमानांसाठी 'इस्लाम' व हिंदूंसाठी 'आर्यन' अशी लॉजे निघाली. म्हणजे जी भिंत पाडावयाची तीच थोडी आत सरकवून पुन्हा बांधली गेली. स्त्रियांस तर या लॉजांत प्रवेशच नाही. आणि गुप्ततेमुळे संशयाचे धुके कायम राहिले.

या गुप्ततेकडे कायद्याने कसे पाहिले तेही मनोरंजक आहे. फ्रान्समधील राज्यक्रांतीने भेदरलेल्या इंग्लंडच्या पार्लमेंटने १७९९ साली शपथबद्ध गुप्त मंडळांवर बंदी घातली, पण मेसन लॉजांस सूट दिली. अट एकच: प्रत्येक लॉजाने सभासदांची यादी दरवर्षी सरकारी कारकुनाकडे द्यावी. हा कायदा १९६७ साली रद्द होईपर्यंत गुप्त म्हणविणाऱ्या मंडळाची यादी अशी सरकारदप्तरी जात राहिली. याच्या उलट पोर्तुगालमध्ये सालाझारच्या राजवटीने २१ मे १९३५ च्या कायद्याने सर्व गुप्त मंडळे बेकायदा ठरविली आणि सरकारी नोकरांकडून आपण अशा मंडळात नाही असे प्रतिज्ञेवर लिहून घेतले. पोर्तुगीज मुलखात राहिलेल्या आमच्या कोंकणी वाचकांच्या वाडवडिलांस हे सांगावयास नको की, जी राजवट लॉजास भिते ती वाचनालयासही भिते आणि भजनी मंडळाकडेही वाकड्या नजरेने पाहते. संघटनेचे स्वातंत्र्य अविभाज्य असते. आमच्या घटनेने ते एकोणिसाव्या अनुच्छेदात सर्वांस दिले.

१९६१ सालच्या अखेरीस दोन घटना जवळजवळ घडल्या. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्याच्या पंचवीस दिवस आधी, २४ नोव्हेंबर रोजी, दिल्लीत भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाले आणि रामपूरचे नवाब रझा अली खान त्याचे पहिले प्रमुख झाले. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथील श्रेष्ठ मंडळांच्या संमतीने हे घडले. ज्या लॉजांना जुने नाते ठेवावयाचे होते त्यांनी ते ठेवले. भारतीय लॉजांच्या वेदीवर एका ग्रंथाऐवजी गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहेब व अवेस्ता असे पाच ग्रंथ मांडले जाऊ लागले. १८६३ साली विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे, हिंदूने शपथ कशावर घ्यावी याचे, एवढे सुबक उत्तर दुसरे कोणते मिळणार होते?

आता तिसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे आमच्या स्वतःच्या दाराकडे वळू. दक्षिण कानडा जिल्ह्यात मुल्की येथे व्यंकटरमणाचे जुने देऊळ आहे. ते गौड सारस्वतांचे. मद्रास सरकारने १९४७ साली मंदिरप्रवेशाचा कायदा केला, तेव्हा विश्वस्तांनी १९४९ साली दावा लावला: हे देऊळ आमच्या संप्रदायाचे, आमच्या संमतीवाचून इतरांस प्रवेश देण्याची सक्ती आम्हांवर करता येणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ८ नोव्हेंबर १९५७ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती व्यंकटराम अय्यर यांनी लिहिलेला हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांनीच नव्हे, तर प्रत्येक देवस्थान समितीच्या सभासदाने समजून घ्यावा असा आहे.

न्यायालयाने प्रथम विश्वस्तांचे म्हणणे मान्य केले: देऊळ खरोखरच संप्रदायाचे आहे, आणि सव्विसाव्या अनुच्छेदाप्रमाणे आपले धार्मिक व्यवहार पाहण्याचा, कोणी केव्हा प्रवेश करावा हे ठरविण्याचाही, हक्क संप्रदायास आहे. पण पंचविसाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवालये हिंदूंच्या सर्व वर्गांस खुली करण्याचा अधिकार राज्यास दिला आहे, आणि संप्रदायाचा हक्क या अधिकारापुढे नमतो. दार उघडलेच पाहिजे. तरीही काही ठराविक विधी केवळ संप्रदायातील लोकांसाठी राखून ठेवता येतील. अट अशी की, त्यामुळे इतरांस मिळालेला दर्शनाचा हक्क नावापुरता उरता कामा नये. थोडक्यात, गाभ्यातले खासगी विधी तुमचे, पण दर्शन सर्वांचे.

लॉज आणि देऊळ यांत भेद आहे हे आम्ही जाणतो. लॉज हे खासगी मंडळ; त्याने कोणास घ्यावे हे कायदा सांगत नाही. देऊळ सार्वजनिक असेल तर कायदा सांगतो. पण नीतीचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. जे मंडळ मुखाने 'सर्व माणसे भाऊ' म्हणते, आणि जे देऊळ 'सर्वांभूती एकच ईश्वर' म्हणते, त्या दोघांचीही परीक्षा दाराशी होते. आत आरती किती गोड होते किंवा अहवालात दानाचा आकडा किती मोठा आहे, यावर ती होत नाही.

यात निराश होण्याचे कारण नाही. कारण दार आपण होऊन रुंद करणाऱ्या संस्थाही आमच्या समाजाने काढल्या आहेत. २७ डिसेंबर १९०६ रोजी मुंबईत शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतसंस्था निघाली, ती ज्ञातीतल्या गरजूंस सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून. १४ सप्टेंबर १९१८ रोजी सारस्वत सहकारी संस्था निघाली, तीही अशाच हेतूने. आज या दोन्ही बँकांत खाते उघडणाऱ्यास कोणी गोत्र विचारीत नाही. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली गोवा हिंदू असोसिएशन आपल्या लोकांच्या मदतीसाठी निघाली, आणि तिने १९७० साली 'नटसम्राट' रंगभूमीवर आणून सगळ्या महाराष्ट्राला ऋणी केले. पहिले कवच ज्ञातीचे होते, त्याची गरज होती. बीज रुजल्यावर ते कवच फुटले, आणि झाड वाढले. कवच जपत बसले असते तर बीज आतच कुजले असते.

इंग्लंडच्या मेसनांचा अनुभव वेगळा नाही. त्यांनी मुलींसाठी १७८८ साली व मुलांसाठी १७९८ साली संस्था काढल्या त्या आपल्याच सभासदांच्या लेकरांसाठी. २०१६ साली तेथील मेसनांच्या प्रमुख धर्मादाय संस्था एकत्र करून एक प्रतिष्ठान केले गेले, आणि त्यातून सभासदांबाहेरच्या गरजूंसाठी झटणाऱ्या संस्थांनाही साहाय्य जाते. आमचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, जो गुजरातेत व महाराष्ट्रात आज आपापल्या राज्याच्या नावाने लागू आहे, तोही धर्मादाय हेतू सांगताना गरिबांस साहाय्य, शिक्षण व वैद्यकीय मदत यांबरोबर सर्वसाधारण लोकोपयोगी काम मोजतो. आपल्याच माणसास मदत करणे हा प्रेमाचा भाग आहे. तिला धर्मादाय हे नाव शोभावयाचे तर तिचा ओघ कुंपणापलीकडे जावा लागतो.

१७३४ साली गायकवाडांच्या हाती बडोदे आले, तेव्हापासून मराठी माणूस या प्रांतात परका असूनही घरचा होऊन राहिला आहे. बडोद्यानजीकच्या आमच्या नंदेसरीत तर कारखान्यांच्या निमित्ताने नाना प्रांतांची, नाना भाषांची माणसे एकत्र आली आहेत. अशा ठिकाणी मराठी-कोंकणी मंडळींनी गणपती बसवावा, सत्यनारायण करावा, वर्धापनदिनी विद्यार्थ्यांस वह्या वाटाव्या, रक्तदान करावे, हे सर्व स्वागतार्ह आहे. आमची सूचना एवढीच की, अहवाल लिहिताना चिटणिसांनी दानाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा: यंदा नव्याने कोण आत आले? आपल्या जातीबाहेरचा, आपल्या भाषेबाहेरचा, कारखान्यात कंत्राटावर राबणारा असा कोणी प्रसादाच्या पंक्तीस आपल्या मांडीशी मांडी लावून बसला काय? स्त्रिया केवळ पानसुपारीच्या व्यवस्थेत होत्या, की कार्यकारी समितीतही?

हा रकाना कोरा राहिला तर तो कोराच छापावा. माणेकजींस नाकारणाऱ्या लॉजाचे सभासद दुष्ट नव्हते. ते नियमाने वर्गणी देणारे, विधवांस साहाय्य करणारे, प्रतिष्ठित लोक होते. फक्त त्यांच्या अहवालात हा रकाना नव्हता, आणि म्हणून तो कोरा आहे हे त्यांस दिसले नाही. आमच्या पुढच्या वर्धापनदिनास तो दिसावा, आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्यात दोन नावे पडावीत, अशी श्रीचरणी प्रार्थना आहे.